आषाढ पाळणारे खालूजान

समुद्राला इतका भिणारा आणि तरीही समुद्रावाचून एक शुक्रवार न काढू शकणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला. ते माझ्या पत्नीचे खालू, म्हणजे तिच्या मावशीचे यजमान. मी त्यांना खालूजान म्हणत असे आणि ते मला जावई म्हणत. वयाने ते माझ्या वडिलांच्या बरोबरीचे होते. पण जावयाला अरेतुरे करणे आमच्या रत्नागिरीकडच्या मुसलमान घरांत बसत नाही, म्हणून ते मला नेहमी ‘तुम्ही’ म्हणत. त्याला अपवाद एकदाच घडला, आणि त्या वेळी आम्ही दोघेही मरणाच्या दारात होतो.

साठच्या दशकातील ही हकीकत आहे. अमिराती हे नाव तेव्हा जन्माला यायचे होते. दुबई म्हणजे खाडीच्या दोन काठांवरची दोन गावे. अलीकडे बर दुबईत एका कापडव्यापाऱ्याच्या पेढीवर मी पत्रव्यवहार पाहत असे. पलीकडे देऱ्याला खालूजान एका गुदामाची राखण करीत. दोघांचीही कुटुंबे मुलखात. आठवड्याची सुट्टी शुक्रवारी, आणि जुम्म्याची नमाज आटोपली की खालूजान मला न्यायला खाडी ओलांडून येत. हे ओलांडणे त्यांच्या जिवावर येई. अब्रा नावाची ती लहानशी प्रवासी होडी खाडीच्या संथ पाण्यातून सहज पलीकडे जाते. शाळकरी पोरे तिच्या कडेवर पाय सोडून बसतात. खालूजान मात्र मधोमध बसकण मारीत, दोन्ही हातांनी फळी धरीत आणि नावाड्याची उलटतपासणी घेत. “रात को नींद बराबर हुआ? चक्कर तो नहीं आता?” नावाडी प्रथम हसत, मग चिडत. पुढे पुढे त्यांना पाहून तेच आधी सांगत, “नींद हुआ, चाचा. चक्कर नहीं आता. बैठो.” एवढ्यावरही खालूजान डोळे मिटून कलमा पुटपुटत येत, आणि काठाला लागल्यावर मला म्हणत, “आलो बाबा एकदाचा. चला आता, दर्यावर जाऊ.”

त्यांची स्वतःची एक होडी होती. मलबारच्या लाकडाची, एकाच खोडातून कोरलेली. ‘आपल्या किनाऱ्याचं लाकूड आहे, दगा देणार नाही’ असे ते म्हणत. पण तिच्यावर विसंबत मात्र मुळीच नसत. दोघांच्या होडीत ते दोन नांगर ठेवीत. एक दोर तुटला तर दुसरा हवा, दुसरा तुटला तर तिसरा, आणि तिसऱ्याला उंदरांनी कुरतडले असेल तर चौथा, असा त्यांचा हिशेब असे. पाणी उपसायला डबे, डबे वाहून गेले तर पातेले. पिण्याच्या पाण्याची चामड्याची पिशवी, खजुराची पुरचुंडी, आणि ‘कुठे वाहत गेलो तर’ म्हणून एक कोरा सदरा. मी एकदा विचारले, “खालूजान, वाहत गेल्यावर सदरा कशाला?” ते गंभीरपणे म्हणाले, “जावई, परक्या मुलखात माणसासारखं उतरायला नको?” या सामानात माणसांना बसायला जागा उरत नसे. मी दोरांच्या वेटोळ्यावर बसे, आणि गुडघे हनुवटीला लावून मासेमारी करी.

मासेमारी म्हणजे हेकरूची. आपल्याकडचा हेकरू तो तिकडचा हामूर. खडकाच्या कपारीत राहणारा, रुंद तोंडाचा, अंगावर डागांचे पट्टे असलेला मासा. जुमेराच्या किनाऱ्यासमोर पाण्याखाली एक खडक होता. त्यात एक थोराड हेकरू राहतो, असे खालूजानांचे ठाम मत होते. होडीत ते त्याचे नाव घेऊ देत नसत. नाव ऐकून तो सावध होतो. म्हणून त्याला ‘बडे मियाँ’ म्हणायचे. या बड्या मियाँसाठी त्यांनी किती शुक्रवार घालवले ते मी मोजले नाही. पुष्कळदा काहीच लागत नसे. कधी गळ खडकात अडके, कधी खेकडे आमिष खाऊन जात. एकदा दोर जड लागला, दोघांनी मिळून दोर खेचला, आणि वर आला कुणाचा तरी गंजलेला नांगर. कधी मासा अर्ध्यावर सुटे. मासा सुटला की कोणताही कोळी शिवी हासडतो. खालूजान सुस्कारा सोडीत. “गेला ते बरं झालं. वर आला असता तर चावला असता.” आणि चुकून एखादा मासा वर आलाच, तर तो तडफडत असेतोवर ते होडीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसत आणि तेथून त्याची समजूत घालीत, “खलास रे बाबा, खलास. शांत हो आता.” मासा सोडवण्याचे काम माझ्याकडे असे.

या सर्व भीतींच्या वर एक भीती होती, आणि तिने त्यांचे वर्ष बांधलेले होते. आमच्या कोकणात पावसाळ्यात दर्या बंद. होड्या ओढून वर घेतात, शाकारतात, आणि नारळी पुनवेपर्यंत पाण्याकडे कोणी फिरकत नाही. खालूजानांचे वडील आषाढात दर्यावर गेले होते, ते परत आले नाहीत. त्यामुळे मृग लागला की खालूजान दुबईतही होडी वर ओढीत, उपडी घालीत आणि खजुराच्या झावळ्यांनी शाकारीत. त्या दिवसांत तिकडचा समुद्र काचेसारखा असतो. आकाशात ढगाचा ठिपका नसतो. ऊन असे की झावळ्या कडकड वाजतात. किनाऱ्यावर एक म्हातारा अरब जाळी विणीत बसे. मुंबईच्या फेऱ्यांत तो हिंदी शिकला होता. तो रोज विचारी, “रफीक, ऊपर से क्या गिरेगा? कौवा?” बाकीचे हसत. खालूजान झावळ्या बांधता बांधता सांगत, “हसा. आषाढ आहे. आषाढात दर्या कुणाचा नसतो.” आणि उलट, थंडी पडली की हेच खालूजान निर्धास्त होत. “नारळी पुनवेपासून शिमग्यापर्यंत दर्या आपला. तेलासारखा असतो,” असे ते म्हणत. कोकणात ते खरे आहे. त्या आखातात थंडीचेच दिवस वाईट. उत्तरेकडून शमाल नावाचा वारा निरभ्र आकाशातून उतरतो, तो सांगून येत नाही. हे मला पेढीवरच्या लोकांनी सांगितले होते. मी खालूजानांना सांगितले. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, “तो इथल्या लोकांचा वारा, जावई. त्यांनी भ्यावं. आपल्याला भ्यायला आपलं पुष्कळ आहे.”

पौषातल्या एका शुक्रवारी आम्ही त्या खडकावर नांगर टाकला. पाणी खरोखर तेलासारखे होते. थोड्या वेळाने खालूजानांच्या हातातला दोर एकदम ताठ झाला, होडी एका अंगावर कलली, आणि मग दोर जागच्या जागी थिजला. खालूजान पांढरे पडले. “बडे मियाँ,” ते कुजबुजले, “कपारीत शिरले.” हेकरू गळाला लागला की बिळात शिरतो आणि कल्ले फुगवून बसतो. मग ओढून उपयोग नसतो. दोर तुटतो, मासा येत नाही. दोर ढिला सोडून वाट पाहावी लागते. मी ओढू लागलो तेव्हा त्यांनी माझे मनगट धरले. “ओढू नका, जावई. भ्यालेला आहे तो. भ्यालेल्याला ओढायचं नसतं. भीती उतरली की आपण होऊन बाहेर येईल.” या विषयातला त्यांचा अधिकार मला मान्य होता. आम्ही वाट पाहत राहिलो.

तेवढ्यात मला दिसले की आसपासच्या सगळ्या होड्या शिडे चढवून खाडीकडे निघाल्या आहेत. एक आमच्या जवळून गेली. तिच्यातला माणूस उभा राहून उत्तरेकडे हात करीत ओरडला, “शमाल! शमाल! यल्ला, यल्ला!” मी तिकडे पाहिले. क्षितिजावर पाण्याची एक काळी रेघ उमटली होती आणि तिच्यावरचे आकाश पिवळट झाले होते. “खालूजान, दोर कापा. निघू या.” ते त्या ढिल्या दोराकडेच पाहत होते. “पौष आहे, जावई. पौषात काही होत नसतं.” “कापा म्हणतो ना!” “थोडंच थांबा. हलतोय तो. बाहेर येतोय, इन्शाल्ला.” आणि दोर खरोखरच हलला. त्याच क्षणी वारा आला.

तो वारा आला असे म्हणणे अपुरे आहे. कोणीतरी दार लोटावे तसा तो अंगावर पडला. पाणी उभे राहिले. पहिल्याच लाटेने डबे नेले. खालूजानांनी उत्तरेकडे एकदा पाहिले, आणि त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. त्यांच्या होडीत जगातल्या प्रत्येक संकटाची तयारी होती. फक्त याच एका संकटाला ते भ्यायचे राहून गेले होते. त्यांनी सुरी काढली. कापण्यापूर्वी पाण्यात वाकून ते म्हणाले, “माफ कर बाबा. तू तुझ्या घरात आहेस. आम्हाला आमच्या घरी जाऊ दे.” आणि दोर कापला. मग आम्ही दोघांनी घाईघाईने नांगर वर ओढून घेतला.

खाडीच्या तोंडावर वाळूचा उंचवटा होता. तेथे लाटा फुटून पांढऱ्या भिंती उभ्या राहत होत्या. तिकडून आत जाणे अशक्य होते. वारा आम्हाला सरळ किनाऱ्याकडे ढकलीत होता, आणि किनाऱ्यालगत होडी आडवी झाली तर उलटणार हे मलाही कळत होते. खालूजान थरथर कापत होते. दात वाजत होते. तशा स्थितीत त्यांनी लाटा फुटतात त्याच्या अलीकडे दोन्ही नांगर टाकले, होडीचे नाक वाऱ्याकडे ठेवले, आणि दोर इंच इंच सोडीत होडी मागच्या मागे किनाऱ्याकडे नेऊ लागले. एक दोर संपला की ते त्याला दुसरा बांधीत. गाठ बांधताना बोटे इतकी कापत होती की मला वाटले, ही गाठ टिकणार नाही. टिकली. मी पातेल्याने पाणी उपसत होतो, आणि माझ्या नकळत मोठ्याने रडत होतो. लाटेच्या आवाजातून ते ओरडले, “जावई, रडायचं असेल तर खुशाल रडा, पण उपसता उपसता रडा!” मी दोन्ही कामे करीत राहिलो. मग मागच्याहून मोठी एक लाट आली, मी उभा राहिलो, आणि त्यांनी माझ्या मानेला धरून मला खाली दाबले. “बस खाली, गाढवा!” लाट डोक्यावरून गेली. खारे पाणी थुंकत ते लगेच म्हणाले, “माफ करा हां, अरेतुरे झालं. घरी बोलू नका.”

दोर संपला तेव्हा किनारा हाकेच्या अंतरावर होता. त्यांनी माझ्याकडे पाहिले, कलमा म्हटला, आणि दोर सोडून दिला. पुढच्या लाटेने आम्हाला उचलून वाळूवर आपटले. होडीची एक बाजू फुटली. आम्ही जिवंत होतो. खालूजान वाळूवर पालथे पडले होते. तोंडातली वाळू थुंकून म्हणाले, “माझ्या बायकोच्या भाचीला मी काय तोंड दाखवलं असतं?” एवढेच. स्वतःविषयी त्यांनी एक शब्द काढला नाही.

त्या हिवाळ्यात ते पुन्हा पाण्यावर गेले नाहीत. होडीच्या फुटक्या बाजूला फळी ठोकून घेतली. त्या म्हाताऱ्या अरबाजवळ बसून त्यांनी तिकडचे वारे, तिकडचे महिने समजून घेतले. शिष्य शहाणा निघाला. उन्हाळा लागला, मृग लागला, आणि त्यांनी होडी वर ओढली नाही. आषाढातल्या एका शुक्रवारी, दुपारचे ऊन टाळावे म्हणून पहाटेच येऊन, तेच मला म्हणाले, “चला, जावई. आता इथला दर्या खुला आहे.” मी त्यांच्याकडे पाहिले. ते गंमत करीत नव्हते. होडीत एकच नांगर होता.

समुद्र काचेचा होता. खाली खडक दिसत होता. गळ टाकताच मासा लागत होता. पाट्या भरून मासे मिळाले. तडफडणारा मासाही त्या दिवशी त्यांनीच सोडवला, माझ्याकडे न देता. मला बरे वाटले. उन्हे वर आली तशी मी म्हणालो, “बघा, खालूजान. उगीच भीत होतो आपण. आता वाटते का भीती?”

ते आग्नेयेकडे पाहत होते. तिकडे किनाऱ्याच्या वाळूशिवाय काही दिसत नव्हते. आपला मुलूख त्याच दिशेला, त्या वाळूच्याही पलीकडे, पुष्कळ दूर.

“नाही वाटत,” ते म्हणाले. “तेच बरं वाटत नाही, जावई. आषाढात दर्यावर बसलोय आणि भीती वाटत नाही. किती लांब आलो आपण.”

त्यांनी गळाला नवे आमिष लावले आणि दोर हळूहळू पाण्यात सोडला.