पांढऱ्या घोड्याचा आहेर

लग्नात आहेर पुकारणं हा माझा धंदा. अहमदपूर तालुक्यात कुठंबी मांडव पडू द्या, वही अन् माईक घेऊन आनंदराज सोनकांबळे हजर. नाव मोठ्यानं पुकारलं की शंभर देणारा पाचशे काढतो, हे मला पक्कं ठाऊक. लोकांना नावाचा लई सोस. मी मात्र असल्या गोष्टींना भुलत न्हाई, असं सांगत फिरायचो.

मग मोबाईलवर लुडो घेतला. ना फी, ना महिन्याचं भाडं. बायकोला, विशाखाला, ऐटीत सांगितलं, "येडेच हायत कंपनीवाले. सगळं फुकट वाटून राहिले."

"फुकट कोण देतंय हो?" ती म्हणली. मी हसलो.

एका दुपारी निलंग्याकडचा कोणी वीरण्णा माझ्याकडून हरला अन् खुशीनं मला पांढरा घोडा पाठवला. चित्रातलाच घोडा. पण पडद्यावर नगारे वाजले अन् सगळ्या खेळणाऱ्यांसमोर अक्षरं झळकली, 'आनंदराज यांना वीरण्णांकडून घोडा!' अरे बापा! जन्मभर दुसऱ्यांची नावं पुकारली, माझं कधी कुणी पुकारलं नव्हतं. छाती अशी फुगली म्हणता!

आता आहेर घेतला तर फेडायला नको? तोबी वाढवून? आपल्यात रीतच हाय. घोडे खेळातल्या हिऱ्यांनी मिळतात अन् हिरे खऱ्या रुपयांनी. मी रथ पाठवला. पुन्हा नगारे. त्यानं हत्ती पाठवला. मग मी काय मागं हटतो? उदगीरच्या गौरम्मानं नुसतं फूल धाडलं, तर तिला मोर दिला. महिनाभर असा राजा होऊन राहिलो, अन् भाचीच्या लग्नातल्या कपाटासाठी ठेवलेले पैसे साफ झाले. शिल्पाला मामाकडून कपाट, असं मी साखरपुड्यात तिच्या सासरच्यांसमोर छातीठोक सांगून बसलो होतो.

लग्न चार दिवसांवर आलं तवा विशाखाला सांगावंच लागलं. तिनं कपाळाला हात लावला. "म्हंजे फुकट खेळणारे सगळे वऱ्हाडी, अन् पंगतीचा खर्च तुमच्यावर! असे थोडे येडे धरले की चालला कंपनीचा संसार. आता मामा म्हणून कंधारला लग्नाला कोणत्या तोंडानं जाता?"

लोकांच्या ज्या हौसेवर मी पोट भरलं, तिच्यातच मला कुणीतरी गाठलं होतं. लई लाज वाटली.

कंधारला गेलो. बुद्धवंदना झाली, लग्न लागलं, आहेर सुरू झाले. घरचंच लग्न, माईक माझ्याच हातात. मामाचा आहेर पहिला, म्हणून सगळे माझ्याकडं बघून राहिले. खिशात पाचशेची एक नोट. तेवढ्यात थोरली बहीण, शिल्पाची आई महामायाक्का, शेजारी आली. मांडवाच्या कडेला नवंकोरं कपाट उभं होतं. त्याकडं बोट करून हळूच म्हणली, "पुकार."

"अक्का, ते माझं न्हाई."

"विशाखाचा फोन आलता, म्हणून मीच आणलं. लेकीच्या सासरचे ऐकून राहिलेत. पुकार म्हणते ना!"

मी पुकारलं. "नवरीचे मामा, अहमदपूरचे आनंदराज सोनकांबळे यांच्याकडून, कपाट!" टाळ्या पडल्या. माझा आवाज नावापाशीच फाटला. लोक म्हणले, मामाचा भाचीवर लई जीव हाय.