तिसऱ्या फेरीचा डम्प

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. तुम्हालाच का सांगतेय — कोण जाणे.

मी जळगावात सॉफ्टवेअर तपासते. कापसाच्या गठाणी बांधणाऱ्या प्रेसचा प्रोग्राम आमचा. चाचण्या आपोआप चालतात. मध्येच प्रोग्राम कोसळला की मागे एक फाइल पडते, डम्प. पंचनामाच म्हणा ना — त्या क्षणी आत काय चाललं होतं, सगळं त्यात. ती जपून ठेवायची, वर कळवायचं, कारण सापडेपर्यंत प्रोग्राम बाहेर जाऊ द्यायचा नाही. एवढंच तर माझं काम!

आखाजीला, म्हणजे आमच्याकडच्या अक्षय्य तृतीयेला, चार दिवस होते. लग्नानंतरची माझी पहिलीच आखाजी. चाळीसगावला माहेरी झोका बांधून तयार. आणि चाचणी कोसळली. एकदा नाही, तीनदा. कळवलं असतं तर रजा गेलीच होती. मग काय केलं मी? — चाचण्या चालवणाऱ्या स्क्रिप्टमध्ये एक ओळ घातली: नवी फेरी सुरू होताना जुने डम्प पुसून टाक. तिसरा तेवढा माझ्या फोल्डरमध्ये ठेवला, आल्यावर बघू म्हणून. चौथी फेरी नीट गेली. अहवालात लिहिलं, सगळं ठीक. आल्यावर? बघितलंच नाही.

दिवाळीनंतर पारोळ्याच्या एका जिनिंग कारखान्यात आमच्याच प्रोग्रामवर चालणारी प्रेस थांबलीच नाही. ती चालवणाऱ्या नानांची तीन बोटं गेली. मालक म्हणाले, यांनी बंदचं बटण दाबलंच नाही. नाना आमच्या ऑफिसात आले, हाताला ही एवढी पट्टी. माझ्यासमोरच बसले.

"मी बटन दाबं व्हतं वं ताई. पडदा थिजी गयथा. मी खोटं बोलस का?"

साहेबांनी मला विचारलं, बंदचं बटण दाबल्यावर स्क्रीन अशी थिजली, असं चाचणीत कधी झालं होतं? मी म्हटलं, नाही सर.

तुम्ही म्हणाल, घाबरली बिचारी. थांबा — खरं तर अजून सांगितलंच नाहीये मी.

नाना बाहेर बाकावर चहा घेत होते, तेव्हा मी तो डम्प उघडला. बंदचं बटण दाबल्याबरोबर प्रोग्राम कोसळला होता. अगदी तिथंच! साहेब दहा पावलांवर होते. काचेतून नाना दिसत होते, डाव्या हाताने कप सांभाळत होते. मी फाइल कायमची पुसली. किळस येते मला माझी. जाताना बाजारातून मेथी घेतली, घरी जाऊन निवडली.

नानांना कामावरून काढलं. कागदावर कारण लिहिलंय, कामगाराचा निष्काळजीपणा. पुरावा म्हणून माझा अहवाल जोडलाय, खाली माझी सही.