मला काटा बोचत नव्हता

डॉक्टरांनी चिमट्याने काढलेला काटा पांढऱ्या ताटलीत ठेवून माझ्यासमोर धरला. बाभळीचा होता, बोटाच्या पेराएवढा. "गुरुजी, हा किती दिवसांपासून पायात आहे?" मला सांगता आलं नाही. तो पायात आहे हेच मला माहीत नव्हतं.

मग त्यांनी मला डोळे मिटायला लावले आणि टाचणी लागली की 'हो' म्हणा, असं सांगितलं. मी बराच वेळ वाट पाहिली आणि शेवटी विचारलं, सुरुवात केव्हा करणार? डोळे उघडले तर दोन्ही तळव्यांवर टाचणीचे दहा-बारा ठिपके होते.

त्याच दुपारी लघवी तपासली. निळ्या औषधात चार-सहा थेंब टाकून नळी स्पिरिटच्या दिव्यावर तापवली, तशी निळ्याची विटकरी झाली. डायबेटिस, म्हणजे मधुमेह. पायांना झालं होतं त्याला डॉक्टर न्युरायटिस म्हणाले. साखरेने नसा खराब होतात आणि पायाला काही कळेनासं होतं, असा त्याचा अर्थ. अंगठ्याशेजारचं बोट काळं पडलं होतं. ते जाणारच, पाऊल वाचतं की नाही ते आठ दिवसांत कळेल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

वर्ध्याच्या दवाखान्यातल्या त्या आठ दिवसांबद्दल लिहितो आहे. हा आजार आणखी कुणाच्या वाट्याला आला तर त्याने माझ्यासारखा मूर्खपणा करू नये. पण मला नुसत्या मूर्खपणाची नाही, लाजेची गोष्ट सांगायची आहे.

मी अल्लीपूरच्या शाळेत मास्तर. आमच्या जिल्ह्यात तेव्हा निसर्गोपचाराचं वेड बरंच होतं. एका शिबिराला जाऊन आलो आणि मी वहाणा खुंटीला टांगल्या. सुख मात्र खरं होतं, ते मी नाकारणार नाही. थंडीत शेताच्या धुऱ्यावरच्या गवतात पाय टाकला की दवाने अंगभर शिरशिरी यायची. नांगरलेली काळी माती बोटांच्या फटींतून वर यायची. उन्हं चढली की गाडीवाटेच्या कोमट धुळीत पाय शेकून निघायचे. झोप गाढ लागे, डोकं शांत राही. रोज शाळेआधी मी सगळ्या पोरांना रांगेने असं फिरवून आणू लागलो.

वर्षभराने तळव्यांना मुंग्या आल्या, मग मुंग्याही थांबल्या. मला वाटलं, साधना फळाला आली. पोरांसमोर मुद्दाम काट्याकुट्यातून चालायचो आणि सांगायचो, बघा, मला काटा बोचत नाही. तहान फार लागायची, अंगरखा ढिला झाला होता. तेही मी निसर्गोपचाराच्या खात्यावर टाकलं.

त्याच दिवसांत आमच्या वर्गातली शांता नव्या चपला घालून आली. तिचा बाप किसन शेतमजूर. आदल्या वर्षी नागपूरला जाऊन तो बौद्ध झाला होता. पोरीला पहिल्या चपला त्याने हौसेने घेतल्या होत्या. मी तिला सगळ्यांदेखत त्या काढायला लावल्या आणि वर अनवाणी चालण्याच्या फायद्यांवर व्याख्यान दिलं.

दुसऱ्या दिवशी किसन शाळेत आला. हात जोडून, पण सरळ बघत म्हणाला, "गुरुजी, पाटलाच्या आळीतून जाताना माह्या बापानं चपला हातात घेतल्या, मीबी घेतल्या. आता पोरीनंबी काऊन काढाव्या?"

मी म्हटलं, "किसन, आरोग्याला जात नसते." हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं. तो निघून गेला. त्यानंतर शांता चपला दप्तरात घालून आणू लागली. मी ते पाहिलं, आणि शिस्त लागली म्हणून मला बरं वाटलं.

एक दिवस बायकोला सारवलेल्या जमिनीवर रक्ताचे ठिपके दिसले. "अवो, हे तुमच्याच पायाचं रक्त हाये, दाखवा बरं पाय," म्हणाली. मी हसण्यावारी नेलं आणि जखमेवर ओली माती थापली. दोन आठवडे थापत राहिलो. ताप चढला, पायाला वास यायला लागला, तेव्हा तिने मला न विचारता बैलबंडी जुंपायला लावली.

दवाखान्यात पेनिसिलिनची इंजेक्शनं सुरू झाली. ती जंतू मारतात. रोज सकाळी इन्शुलिन, ते साखर उतरवतं. त्याची काचेची सिरिंज उकळून घ्यावी लागते, हे बायको शिकून घेत होती. तिसऱ्या दिवशी बोट काढलं. रोज पट्टी सोडताना मी डॉक्टरांच्या तोंडाकडे बघायचो. आठव्या दिवशी ते म्हणाले, पाऊल राहिलं.

मी विचारलं, अनवाणी चालणं वाईट का? ते म्हणाले, "मुळीच नाही. ज्याला काटा बोचतो त्याने खुशाल चालावं, पाय बळकटही होत असतील. बोचत नाही त्याने एक पाऊलसुद्धा टाकू नये." चालायचं रोज, पण पायात चपला घालूनच. रात्री आरसा धरून तळवे पाहायचे. अंघोळीचं पाणी किती गरम आहे ते कोपर बुडवून बघायचं. माझ्यासारखा आजार असेल त्याने एवढं तरी करावं.

हे सगळं मी निमूट ऐकलं. गावी परतलो तो मऊ चामड्याच्या चपला घालून. मग वर्गासमोर उभं राहायची वेळ आली आणि माझा धीर होईना. कुणाची क्षमा आधी मागायची ते मला पक्कं माहीत होतं. तरी चार दिवस ताप असल्याचं सोंग करून घरी बसलो.

पाचव्या दिवशी काठी टेकत किसनच्या घरी गेलो. दारात चपला काढायला वाकलो तर तो म्हणाला, "राहू द्या, डॉक्टरनं मना केलं ना." मी माफी मागितली. शांता आईच्या मागे उभी राहून ऐकत होती.

किसनने माझ्यासाठी घोंगडी अंथरली. मग म्हणाला, "डॉक्टरनं सांगतलं तं तुमी एका दिवसात चपला घातल्या. मीबी तं सांगतलंच होतं, गुरुजी."

त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. मी म्हटलं, हो, तू सांगितलं होतंस. शांता उद्यापासून पायात चपला घालून येईल आणि तशीच वर्गात बसेल, एवढं मी तिच्याकडे बघून बोललो.

शांताच्या आईने चहा पुढे केला. मी सुधारलेला मास्तर, गावात अठरा वर्षं समतेचे धडे शिकवत आलेला. किसनच्या आळीत बसून चहा प्यायची ती माझी पहिलीच वेळ होती. माझ्याखेरीज ते तिथल्या सगळ्यांना माहीत होतं.