शेजारच्या खाटेची गोळी

सायकलवरून पडून माझ्या गुडघ्यातली गादी फाटली आणि नाशिकच्या एका दवाखान्यात ऑपरेशन झालं. ऐंशीच्या सुमाराची गोष्ट. मी शाळेत बाई होते. शेजारच्या खाटेवर सटाण्याकडची एक मावशी होती. कांद्याच्या बैलगाडीवरून पडलेली, तिचंही गुडघ्याचंच ऑपरेशन.

डॉक्टरांनी आधी नीट समजावून माझी सही आणि तिचा अंगठा घेतला होता. दुखणं थांबवायच्या गोळ्या दोन प्रकारच्या, त्यातली कुठली चांगली ते बघायचंय. कुणाला कुठली मिळते, ते सिस्टरलाही ठाऊक नाही. गोळी घेतली की सिस्टर दर तासाला वही घेऊन विचारायची : काहीच दुखत नाही, थोडं दुखतं, बरंच, की सहन होत नाही?

मी म्हणायचे, "थोडं." मावशी तिच्या अहिराणीत म्हणायची, "बरं शे," म्हणजे बरं आहे. दर वेळी! वर हसायचीसुद्धा. सिस्टर तिचं कौतुक करायची आणि इकडे माझा जळफळाट. मेली चांगली गोळी तिला, आणि माझ्या नशिबी खडू!

तिसऱ्या दिवशी मला राहवेना. सिस्टर पाणी आणायला वळली तशी मी म्हटलं, "मावशी, गोळी बदलता का? मला फार दुखतंय." तिने एका शब्दाने न विचारता हात पुढे केला.

अहो, काय सांगू! तासाभरात गुडघ्यात कुदळ चालल्यासारखं झालं. मी चादर दातात धरली. आणि मावशी? तोंड उघडं टाकून घोरत होती. तीन दिवसांत मी तिला पहिल्यांदाच झोपलेली बघत होते. खोटं कशाला बोलू, तेव्हा मला तिच्या झोपेचाही हेवा वाटला.

ती उठल्यावर मी चिडूनच विचारलं, "दुखत होतं, तर 'बरं आहे' असं का म्हणायचात?"

"मग काय म्हणू, ताई? एवढा मोठा डाक्टर आपल्यासाठी राबतो. त्याचं औषध खोटं पाडू का?"

दुपारच्या गोळ्या आल्या. सिस्टर पाण्याला वळली. या वेळी हात मावशीनेच पुढे केला. "बदलायची का, ताई?"

"नको. डॉक्टर रागावतील," म्हटलं आणि माझी गोळी कोरडीच गिळून टाकली.

तासाभराने सिस्टर वही घेऊन आली. मी म्हटलं, "थोडं."

मावशी भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "बरं शे."