नळीवरचे दोन दोरे

महादूमामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी परंड्यातल्या आमच्या कॉलेजात बारावीच्या वर्गावर होतो. कुर्डुवाडी रस्त्यानं ते पायी निघाले होते, मागून उसाचा ट्रॅक्टर आला... "लई हॉर्न दिला वो साहेब, माणूस सरकलाच न्हाय," असं ड्रायव्हर पोलिसांना सांगत होता म्हणे. कुणाचाच त्याच्यावर विश्वास बसला नाही. माझा बसला.

मामा आमच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेचे परिचर. तिथला दरवर्षीचा प्रयोग: उभ्या काचेच्या नळीत पाणी, तोंडाशी वाजता नादकाटा, म्हणजे ट्यूनिंग फोर्क. पाणी खाली आणत जायचं आणि वरची हवा घुमली की थांबायचं. पुढं साधारण तिप्पट खोलीवर ती पुन्हा घुमते. नळी एका टोकाला बंद असली की एक, तीन, पाच असंच चालतं. दोन्ही टोकं उघडी असती तर मधले सूरही निघाले असते. मी हे फळ्यावर शिकवायचो, मामा कानानं. मुलं चाचपडू लागली की ते खेकसायचे, "थांब की! हितं बोलतीया बघ नळी."

एका परीक्षेत एका मुलीनं घाबरून नादकाटा वाजवलाच नाही. तरी मामा पाणी खाली आणता आणता थांबले आणि म्हणाले, "हितं." मी नळीकडं नीट पाहिलं. तुळजापूरचा लाल दोरा, घुमण्याच्या दोन्ही जागी खुणेला बांधलेला. मुलं गेल्यावर ते एवढंच म्हणाले, "सर, कुणाला सांगू नका. पोराला तर बिलकूल नको." मी नाही सांगितलं. उलट, ऊन वाढलं की घुमण्याची जागा जराशी खाली जाते, म्हणून ते दोरे मीच गुपचूप सरकवू लागलो. याला मी चांगुलपणा समजत होतो! कानाचं मशीन घ्या, असंही कधी जोर लावून म्हटलं नाही.

दहाव्याला त्यांचा मुलगा बालाजी मला म्हणाला, "हॉर्न दिला असता तर बाबा सरकले नसते का, सर?" मी मान डोलावली. बंद टोकाशी हवा हलत नाही, तिथं नुसता दाब असतो, हे वर्षानुवर्षं शिकवलं... पाच आठवडे तोच दाब छातीत घेऊन फिरलो. ड्रायव्हर मात्र कोठडीत होता.

परवा बालाजीला प्रयोगशाळेत बोलावून सगळं सांगितलं. त्यानं वरच्या दोऱ्यावर बोट ठेवलं.

"म्हंजे त्यो ड्रायव्हर खोटं बोलत न्हाय."

"नाही."

"आन् तुम्हाला माहीत व्हतं."

मी हो म्हणालो. तो निघून गेला.

ऊन तापू लागलंय. नळी आता दोऱ्यांच्या खाली घुमते. दोरे मी सरकवलेले नाहीत.