मोटर बराबर, लाइन खराब

सत्तारचाचांचा फोन आला तेव्हा मी यवतमाळजवळ लोहाऱ्याला, आमच्या कारखान्याच्या तपासणी विभागात होतो. सकाळचे साडेदहा झाले असतील. चाचा एरवी फोनवर आधी ‘जेवला का’ म्हणून विचारतात, मग कामाचं बोलतात. त्या दिवशी म्हणाले, “भाच्या, गलती माही झाली.” काय झालं, असं मी विचारलं तर पुन्हा तेच, “माहीच गलती झाली बेटा...” मग कुणीतरी त्यांच्या हातून फोन घेतला आणि देविदासमामा गेल्याचं मला सांगितलं. या गोष्टीला आता सात आठवडे झाले.

देविदासमामा माझ्या आईचे धाकटे भाऊ. पुसदला त्यांचं आणि सत्तारचाचांचं भागीदारीत मोटर वाइंडिंगचं दुकान. जळालेल्या पाण्याच्या मोटरी यायच्या. जुनी तार काढायची, नवी भरायची, व्हार्निश लावून सुकवायची आणि चालवून दाखवायची. ढाणकीजवळच्या आमच्या गावातून मी अकरावीसाठी पुसदला आलो तो मामांच्या घरी. घर दुकानाच्या मागेच होतं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलेलं नव्हतं. आज माझ्या नावापुढे बी. एस्सी. लागतं ते मामांमुळे. आणि ज्या स्वभावामुळे ते लागलं त्याच स्वभावानं मामांना नेलं.

दुरुस्त करून दिलेली मोटर आठ दिवसांत पुन्हा जळून आली, की त्या दुकानात माणसं कळायची. चाचा लगेच खाली बसायचे. “मीच कुठं तरी चुकलो असन,” म्हणत स्वतःच भरलेली तार सोडवायचे आणि एकेक फेरा मोजायचे. मी वही उघडायचो. कोणत्या मोटरीला किती फेरे ते त्यात लिहिलेलं असायचं आणि वहीत असेल ते खरं असं मला वाटायचं. मामा मोटरीला हातही लावायचे नाहीत. फडक्यानं बोटं पुसत गिऱ्हाइकाला सांगायचे, “मोटर बराबर हाये. लाइन खराब हाये.”

“देविदास, तुही मोटर कधी खराब राह्यते का बे?” गिऱ्हाईक हसायचं.

“माही? माही कायले खराब राहीन?”

खरं सांगायचं तर पुष्कळदा त्यांचं बरोबरही निघायचं. विजेच्या लाइनीतल्या तीनपैकी एक फेज उडालेला असायचा आणि मोटर उरलेल्या दोनांवर घुरघुरत जळून जायची. पण ज्या वेळी फेरेच कमी भरलेले असायचे, त्या वेळीही मामांचं वाक्य तेच असायचं. चाचा मग तार नव्यानं भरायचे आणि मामा गिऱ्हाइकाला चहा पाजायचे. असं त्यांचं एकवीस वर्षं चाललं.

बारावीला मी गणितात नापास झालो. निकाल पाहून चाचा म्हणाले, “कुठं चुकला ते पाहू.” कागदावर नापास लिहिलेलं होतं आणि माझ्या लेखी विषय तिथे संपला होता. गावी परत जायचं, एवढंच डोक्यात होतं. मामांनी निकालाचा कागद हातात घेतला, उलटून मागची कोरी बाजू पाहिली आणि म्हणाले, “तू बराबर हायस. लाइन खराब हाये.” त्यांनी हट्टानं माझ्या उत्तरपत्रिकेची प्रत मागवायला लावली. ती आली तेव्हा मला पहिल्या पानावरच दिसलं, की तपासणाऱ्याची काहीच चूक नव्हती. मामा सातवी शिकलेले. त्यांनी ती सगळी पानं दुकानाच्या पायरीवर बसून शेवटपर्यंत पाहिली. मग चाचांना म्हणाले, “पाय बरं, अक्षर तं किती चांगलं हाये. अशा पोराले नापास करते का कोनी?” चाचा हसले. मीही हसलो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा परीक्षेचा फॉर्म भरला. वस्तुस्थिती मला ठाऊक होती. ती मान्य न करणारा एक माणूस घरात होता म्हणूनच मी तो फॉर्म भरू शकलो.

मामांना शुगर आहे हे तीन वर्षांपूर्वी कळलं. ‘कळलं’ म्हणजे आम्हाला कळलं. घरी तपासायचं मशीन आणून दिलं तर म्हणाले, “मशीन खराब हाये.” दवाखान्यातल्या मशीनवरही तोच आकडा आला. तेव्हा म्हणाले, “दोन्ही एकाच कंपनीच्या असन.” यंदा उन्हाळ्यात मोटरीचं झाकण डाव्या पायाच्या अंगठ्यावर पडलं आणि ती जखम भरेचना. शुगरमुळे पायाला संवेदना राहिली नव्हती, पण मामांचा हिशोब सरळ होता. “दुखत नाई, तं जखम कायची?” मामी रडायची. मी यवतमाळहून फोनवर समजावत राहायचो. चाचांनी मात्र त्यांच्याशी वाद घातला नाही. एक दिवसाआड ते मोटरसायकल काढायचे आणि म्हणायचे, “चल देवा, डॉक्टरले दाखवून येऊ का तुहा पाय बराबर हाये. त्याचं तोंड बंद करू.” मामा खुशीत मागे बसायचे. असं करत ड्रेसिंग नियमित होऊ लागलं आणि जखम आकसू लागली होती.

हे मला माहीत होतं, आणि तरी एका रविवारी मी तीन वेगवेगळ्या लॅबचे रिपोर्ट घेऊन दुकानात गेलो. गिऱ्हाइकं बसलेली होती. मी ते तिन्ही कागद तारखेप्रमाणे टेबलावर ओळीनं लावले आणि म्हणालो, “मामा, तीन लॅब, तीन मशिनी. तिन्हीची लाइन खराब?”

चाचांनी मला डोळ्यानं खुणावलं. मला दिसलं, पण मी थांबलो नाही. हे सिद्ध होत होतं ना! मामांनी कागदांकडे पाहिलं. फडकं हातात होतं, पण बोटं पुसली नाहीत. एवढंच म्हणाले, “बरं बाबू. तू शिकेल हायस.” त्यांना निरुत्तर झालेलं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं, आणि मला बरं वाटलं. यवतमाळच्या बसमध्ये बसेपर्यंत बरं वाटत होतं.

त्यानंतर मामा चाचांच्या मोटरसायकलवर बसले नाहीत. पायात मोजा घालू लागले आणि तो मोजा त्यांनी मामीलाही काढू दिला नाही. मी जे सिद्ध केलं होतं, त्यानंतर डॉक्टरला खोटं पाडायला जाण्यात काही अर्थच उरला नव्हता. तीन आठवड्यांनी ताप चढला. यवतमाळच्या दवाखान्यात मोजा कापून काढावा लागला, तेव्हा अंगठा काळा पडलेला होता. डॉक्टर म्हणाले, गुडघ्याखालून पाय काढावा लागेल, तोही लगेच. मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी बोलेन असं त्यांना वाटलं असावं. मी त्यांचा भाचा, शिकलेला. मी डॉक्टरांच्या हातातले कागद घेतले. “मले घरी ने,” असं ते मला दोनदा म्हणाले. सह्या झाल्या, ऑपरेशन झालं, पण विष अंगात पसरलं होतं. चाचा सोबत होते. मी त्या सकाळी दोन तासांसाठी कामावर गेलो होतो...

चाचा आता दुकान उघडतात, पण हातात काम धरत नाहीत. “मीच त्याले उचलून न्यायले पाह्यजे होतं. मोजा मीच काहून नाई काढला?” असं म्हणत तारेच्या फेऱ्यासारखा एकेक दिवस सोडवून मोजत बसतात. मी त्यांना सांगितलं, चाचा, चूक माझी होती, त्या रविवारची. ते मानत नाहीत. “तुही कायची चूक? तू तं खरं तेच बोलला.”

इतके दिवस मी मनात असं धरून होतो, की मामांना वस्तुस्थिती दिसतच नव्हती. ज्याला दिसते तो आणि ज्याला दिसत नाही तो, अशी माणसांची विभागणी मी करून टाकली होती. मागच्या रविवारी पुसदला गेलो तेव्हा मामीनं कपाटातून एक खोका काढून माझ्यापुढे ठेवला. आत काळे नवे बूट होते. जन्मभर चप्पल वापरलेल्या माणसानं दसऱ्याला नागपूरला जायचं म्हणून घेतलेले. ताप चढायच्या चार दिवस आधी.

“मी संगं गेलते,” मामी म्हणाली. “दुकानदार म्हने, काका, दोन्ही घालून चालून पाहा. तं हे म्हनते, एक पाह्यला का झालं, दोन्ही पाय सारखेच राह्यते. उजवाच घातला. डाव्याले हातच लावू देला नाई. अन् मंग बाहीर येऊन मले म्हनते, भाच्याले सांगू नको.”

मी उजवा बूट उचलला. तळाला बुटांच्या दुकानातल्या फरशीची थोडी धूळ होती. डाव्या बुटात भरून आलेला कागदाचा बोळा तसाच होता.

“हा कागद काढू का राहू देऊ?” मामीनं विचारलं.

मी बूट खोक्यात ठेवले. झाकण लावायला गेलो, ते लागेना. डाव्या बुटातला बोळा सैल होऊन जरासा वर आला होता. मी दाबला नाही. खोका तसाच उघडा ठेवून आम्ही दोघं बसून राहिलो.