मावसाजींची राणी

वऱ्हाडात राजेरजवाडे पुष्कळ होऊन गेले असतील, पण त्यांच्या चुलीवर काय शिजत होतं हे छातीठोकपणे सांगणारा माणूस उभ्या प्रांतात एकच झाला, तो म्हणजे आमचे मावसाजी. कोणत्या राजाला वांगं सोसत नसे, कोणत्या सेनापतीची बायको त्याच्याशी बोलत नव्हती, हे सगळं ते अशा खात्रीने सांगत की जणू कालच तिथून जेवून आले. प्रत्यक्षात गाविलगड त्यांनी पाहिला तो परतवाड्याला बैल सोडून, खालूनच. वर काहून गेला नाही, असं विचारलं तर म्हणत, "वर जाऊन काय पाहाचं? तिथं आता कोनी घरी नाई."

जन्मभर त्यांनी कापसाच्या गाड्या हाकल्या. पुढे गुडघे गेले आणि बैलही गेले, तेव्हा ते रोज अमरावतीला आमच्या कापसाच्या वाडीत येऊन बसू लागले. दूर कुठे अमेरिकेत लढाई जुंपली होती आणि इकडे आमच्या कापसाला कधी नव्हे तो मान आला होता. वाडीत चाळीस बाया रेच्यावर कापसातली सरकी काढत असत आणि त्यांच्यावर देखरेख करायला बाबांनी मला नेमलं होतं. चाळीस बायांवर देखरेख करणारा बावीस वर्षांचा माणूस म्हणजे काय, ते ज्याने केलं त्यालाच कळेल. माझं कोणी ऐकत नसे. मावसाजींचं मात्र सगळ्या ऐकत, कारण दसऱ्यापासून ते त्यांना एका राणीची गोष्ट सांगत होते.

गोष्ट साधीच होती. राजा मोहिमेवर गेलेला, किल्ल्याला शत्रूचा वेढा, आणि आत राणी एकटी. पण ही राणी कधी सिंहासनावर बसलेली मला आठवत नाही. ती उभ्यानेच जेवायची, हिशेबापेक्षा मीठ जास्त घालायची आणि किल्लेदाराला रागावताना हातातली पळी खाली ठेवायची नाही. तिच्या डाव्या भुवईवर फोडणी उडून भाजल्याचा डाग होता. बायांपैकी सगुणाबाई सर्वांत वडील आणि जिभेने सर्वांत तिखट. तिने विचारलं, "दादाजी, रानी असून फोडनी देते?" मावसाजी म्हणाले, "रानी झाली म्हून काय ठेचा नाई खाचा का तिनं?" नाव मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही. "रानीले कोनी नावानं हाक मारते काय?" एवढ्यावर प्रश्न मिटे.

या गोष्टीचा रेच्यावर परिणाम होई, तो मला पाठ झाला होता. लढाई असली की रेचे भराभर फिरत. राणी राजाची आठवण काढू लागली की हात मंद होत आणि रुईत सरकी राहून जाई. मी मावसाजींना रोज विनवी, "आज दोन हल्ले जास्त घाला." एकदा पुण्याकडचे एक मास्तर वाडीत आले आणि म्हणाले, "अहो, बखरीत अशी राणीच नाही!" मावसाजींनी त्यांना शांतपणे पाणी दिलं आणि म्हणाले, "बखर लिवनारा दरबारात बसला होता, मास्तर. सयपाकघरात कोन गेलं होतं?" मास्तर पुन्हा आले नाहीत.

एकच गोष्ट बायांना खटके. राजा कुठे आहे? "येऊन राहिला," मावसाजी सांगत. दिवाळी गेली, संक्रांत गेली, राजा आपला येऊनच राहिला होता. "त्या राजाचा मुडदा बशीवला!" सगुणाबाई कडाडली. मावसाजी मान खाली घालून म्हणाले, "द्या बाई, अजून द्या शिव्या." मला वाटलं, गोष्ट रंगवताहेत.

होळीच्या सुमारास अकोल्याच्या व्यापाऱ्याचा निरोप आला. बारा गाड्या माल चार दिवसांत हवा होता, नाहीतर तो दुसरीकडून घेणार होता. बाबांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी मावसाजींना म्हटलं, "आता शेवटची लढाई लावा. राणीला एकदाची रणात पडू द्या, पण माल निघू द्या." मावसाजी उठले आणि ऊन उतरायच्या आतच घरी गेले. हे मी पहिल्यांदाच पाहत होतो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी लढाई लावलीच नाही. म्हणाले, "वेढा उठला. शत्रू निंगून गेला. दुपारी रानीले जुलाब लागले, अन् दिवे लागाच्या आत गेली. राजा चौदाव्या दिवशी घरी आला."

चाळीस रेचे थांबले. सगुणाबाई उठली, विहिरीवर गेली आणि लुगड्यासकट डोक्यावरून पाणी ओतून घेतलं. तिच्यामागे एकेक करत सगळ्या गेल्या. नात्यातलं कोणी गेल्याचं कळलं की करतात तसं स्नान करून, ओलेत्याने, माझ्याकडे न बघता घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी वाडीत चिटपाखरू नव्हतं. सुतक पाळून राहिल्या होत्या! जी बाई जगात कधी झालीच नाही तिचं!

मी तणतणत मावसाजींच्या घरी गेलो. पाहतो तर अंगणात सगळ्या बसलेल्या, पुढे फडक्याने झाकलेल्या टोपल्या. पिठलं-भाकरी आणली होती. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजारपाजारचे नेतात तो कडू घास. सगुणाबाई म्हणत होती, "राजाचा आमाले भरोसा नाई. तिच्या मायेरचं कोनी ठाव नाई. तिले ओयखनारे तुमीच एक. खा, दादाजी."

मावसाजींनी घास घेतला. "मीठ जास्त झालं," म्हणाले, आणि लहान मुलासारखे रडू लागले.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमची मावशी, त्यांची बायको, नऊ वर्षांपूर्वी पटकीने एका दुपारी गेली, तेव्हा मावसाजी गाड्या घेऊन खामगावच्या वाटेवर होते. परतले तेव्हा तेरावा होऊन गेला होता. त्यांनी बैलांना पाणी दाखवलं आणि त्या दिवसापासून मावशीचा विषय काढला नाही. त्यांना कडू घास भरवायला कोणी उरलंच नव्हतं. आणि मावशीच्या भुवईवरच्या ज्या डागाखालच्या डोळ्यांनी मला लहानपणी किती वेळा दटावलं होतं, तो डाग मी सहा महिने ऐकूनही ओळखला नाही, याची मला आजही लाज वाटते.

"राजाले उशीर झाला, बाई," मावसाजी म्हणाले.

"झाला ना. आता जेवा," सगुणाबाई म्हणाली. मग माझ्याकडे वळली, "तू काहून उभा हायेस? बस." मी गाड्यांचं बोलायला आलो होतो. बसलो आणि जेवलो.

अकोल्याच्या व्यापाऱ्याने माल दुसरीकडून घेतला आणि बाबा महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. मावसाजी दोन वर्षांनी गेले. त्यांनी पुन्हा राणीची गोष्ट सांगितली नाही, बायांनीही मागितली नाही. आता राजाराण्यांच्या छापील कादंबऱ्या निघतात. नातू आणून देतो, मीही हौसेने वाचतो. राण्या सगळ्या चंद्रमुखी असतात, घोड्यावर बसतात, शेवटी रणात पडतात. पुस्तक उघडलं की मी आधी तिच्या डाव्या भुवईवर डाग आहे का ते शोधतो. अजून कुणाच्या पुस्तकात सापडला नाही.